‘लागो’ म्हणाली होती ती

“माहेरचं आडनाव काय गं तुझं?”

डॉक्टरकाकांनी मराठीत विचारलं. पोलीस स्टेशनातली छोटी खोली. एक टेबल, चार खुर्च्या, वर कॅमेरा. समोर गोरा डिटेक्टिव्ह, हातात पेन. मी दुभाषी म्हणून आले होते. खोलीत जे मराठी बोललं जाईल त्याचं इंग्रजी करायचं. शब्द गाळायचा नाही, शब्द घालायचा नाही. हेच माझं काम. सहा वर्षं करत होते.

मी आडनाव सांगितलं. नवऱ्याचं आडनाव कुठंही खपून जातं. माहेरचं खपत नाही. ऐकणारा लगेच समजतो, नागपूरच्या कुठल्या वस्तीतलं आहे ते. डॉक्टरकाका पुण्याचे. त्यांनाही समजलं.

“अच्छा. तरीच.”

खुर्ची जराशी मागे सरकवली त्यांनी. फार नाही. मग हसून म्हणाले, “तुमच्यातल्या मुलींना हल्ली इंग्रजी बरं येतं हं. सवलतींचा उपयोग झाला म्हणायचा.”

डिटेक्टिव्हनं मान वर केली. “व्हॉट डिड ही से?”

नियमानं सांगायला हवं होतं. यांनी मला माझी जात विचारली. मग जातीवरून टोमणा मारला. तेवढं इंग्रजी मला येत होतं. पण तोंडातून निघालं, “ही इज कॉम्प्लिमेंटिंग माय इंग्लिश.”

“ही इज राइट,” डिटेक्टिव्ह म्हणाला. “युअर इंग्लिश इज ग्रेट.”

काका हसले. मीही हसले.

त्या दिवशीचं माझं पहिलं खोटं भाषांतर ते. माझ्या स्वतःबद्दलचं होतं. पुढच्या अर्ध्या तासात आणखी केली. त्यातलं एक दुसऱ्या बाईबद्दल होतं. त्यापायी ती बाई अकरा दिवस तुरुंगात राहिली.

हे सगळं न्यू जर्सीतलं. मी पिस्कॅटवेला राहते. नवरा आयटीत, वर्क व्हिसावर. आमचं ग्रीन कार्ड रांगेत आहे, दहा वर्षांपासून. मला काम करायची परवानगी मिळाली तेव्हा एका एजन्सीत नाव नोंदवलं. मराठी आणि हिंदी. कोर्टं, पोलीस स्टेशनं, हॉस्पिटलं. ज्या काउंटीतली ही गोष्ट आहे तिचं नाव लिहीत नाही.

डॉक्टरकाका म्हणजे आमच्याकडच्या मराठी मंडळाचा मोठा माणूस. हार्टचे डॉक्टर, आता रिटायर्ड. पस्तीस वर्षं झाली त्यांना इथे येऊन. गणपतीत पहिली आरती त्यांची. नवीन आलेली पोरं त्यांच्या पाया पडतात. मीही पडले होते, पहिल्या वर्षी. त्यांचा मुलगा अनिकेत माझ्या नवऱ्याच्या कंपनीत डायरेक्टर. नवरा त्याच्याच टीममध्ये.

काकांना स्वतःसाठी दुभाषी लागत नव्हता. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. मला बोलावलं होतं त्यांच्या फोनमधल्या एका व्हॉइस मेसेजसाठी. मेसेज मराठीत होता. तक्रारदारानं स्वतः केलेलं भाषांतर पोलिसांना चालत नाही.

मेसेज पाठवणारी बाई म्हणजे सुमनताई. वय चोपन्न. उस्मानाबादकडची, नवरा आणि मुलगी गावीच. काकांच्या आईला सांभाळायला त्यांनी तिला तीन वर्षांपूर्वी आणलं. टुरिस्ट व्हिसावर, आजींची सोबतीण म्हणून. व्हिसा कधीच संपला होता. पासपोर्ट काकांच्या कपाटात, कुलपात. आजींचं हागणं-मुतणं, न्हाऊ-माखू, सगळ्या घराचा स्वयंपाक. झोपायला बेसमेंट. मी हे सगळं नंतर ऐकलं. आणि खरं सांगायचं तर थोडं आधीही ठाऊक होतं. मंडळाच्या दिवाळीला मी त्यांच्या घरी गेले होते. एक बाई स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. कुणी तिची ओळख करून दिली नाही. मीही विचारलं नाही. तिच्या हातच्या पुऱ्या खाल्ल्या आणि घरी आले.

सुमनताईंचा नवरा गावी वारला. त्यांनी पासपोर्ट मागितला. काका म्हणाले, आईकडे कोण बघणार, दुसरी बाई मिळाली की जा. महिना गेला, दुसरा गेला. एके दिवशी सकाळी त्या घरातून निघाल्या. अंगावरच्या कपड्यांनिशी, हातात फक्त फोन. चालत एका इंडियन ग्रोसरीपर्यंत आल्या. दुकानवाल्या गुजराती बाईंनी बसवून घेतलं, चहा दिला. तिथून त्यांनी काकांना मेसेज केला.

डिटेक्टिव्हनं तो लावला.

“डॉक्टर, माझा पासपोर्ट द्या. माझा नवरा मेला, तुमी मला त्याचं तोंड बगू दिलं न्हाई. तुमच्या घराला आग लागो. तुमचं वाटोळं होवो. माझा तळतळाट लागंल तुमाला.”

रडत बोललेलं. पण आवाज स्वच्छ. लागो. होवो.

मराठी माणसाला यात काय सांगायचं? हा शाप आहे. आमच्या वस्तीत नळावर रोज सकाळी चार घरांना आग लागायची. कुणी बंबवाल्यांना बोलावत नव्हतं. ज्याच्या हातात काहीच उरत नाही, तो माणूस असं बोलतो. मी करीन असं नाही म्हणत तो. होवो म्हणतो. देवाच्या, दैवाच्या, कुणाच्या तरी हवाली करतो.

काका टेबलावर पुढे वाकले. “आग लावीन म्हणते आहे. सरळ आहे. लिही.”

“काका, ‘लागो’ म्हणतात त्या.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग अगदी शांतपणे, “अनिकेतच्या टीममध्ये ना तुझा नवरा? बरं चाललंय ना त्याचं?”

“व्हॉट डिड ही से?”

“ही इज आस्किंग अबाउट माय फॅमिली.”

हे दुसरं.

मग मी कागदावर लिहिलं. युअर हाऊस विल कॅच फायर. तुमच्या घराला आग लागेल.

‘लावीन’ लिहिलं नाही. ‘लागो’ही लिहिलं नाही. मधलं काहीतरी लिहिलं. वाटलं, काकांनी सांगितलेलं खोटं काही आपण लिहिलं नाही. वाटलं, इंग्रजीत एवढा बारीक फरक कोण बघतो. खाली लिहिलेलं असतं की हे भाषांतर माझ्या ज्ञानाप्रमाणे खरं आणि पूर्ण आहे. त्याखाली सही केली.

डिटेक्टिव्हनं वाचलं. भुवया वर गेल्या. “विल,” तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्या शब्दाखाली रेघ मारली.

बाहेर पार्किंग लॉटमध्ये काका म्हणाले, “थँक यू बेटा. संक्रांतीला ये घरी.” बेटा म्हणाले. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनताईंना अटक झाली. त्या दुकानवाल्या बाईंच्या घरात पोळ्या लाटत होत्या. धमकीचं कलम लावलं. त्याच्या नावात ‘टेररिस्टिक’, म्हणजे दहशतवादी, हा शब्द आहे. नवऱ्याच्या दिवसांनाही न पोचलेली बाई. टेररिस्टिक.

दोन दिवसांनी एजन्सीचा फोन आला. कोर्टात मराठी दुभाषी हवा, आरोपी बाई, मेसेजवरून धमकीची केस. मी नाही म्हणायला हवं होतं. पोलिसांकडचं भाषांतर माझं आहे, मी या केसमध्ये बसू शकत नाही, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी हो म्हणाले. कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते की त्या बाईला मदत करायची म्हणून गेले. ते खरं नाही. दुसरा दुभाषी बसला आणि त्यानं मूळ मेसेज ऐकला, तर माझं उघडं पडेल, म्हणून गेले.

सुमनताई तुरुंगातून स्क्रीनवर आल्या. खाकी कपडे, केस मोकळे. पिना काढून घेतलेल्या. दिवाळीला पुऱ्या तळणारी बाई हीच का, मला ओळखू येईना. त्या वेळी मी तिचा चेहरा बघितलाच नव्हता.

जज्जांनी कागद वाचला. सरकारी वकिलाची मागणी होती की हिला केस होईपर्यंत आत ठेवावं. मी जज्जांचं वाक्य मराठीत सांगितलं. “तुमच्या घराला आग लागेल, असं तुम्ही म्हणालात.”

स्क्रीनवरून त्या ओरडल्या. “न्हाई हो! लागंल न्हाई. लागो म्हनले मी. लागो!”

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली.

“दॅट इज नॉट व्हॉट आय सेड,” मी म्हणाले. एवढंच. मी असं म्हणाले नव्हते. बाकीचं गिळलं.

जज्ज म्हणाले, बहुतेक आरोपी तेच म्हणतात. पुढची तारीख नऊ दिवसांनी. तोवर आत.

सुमनताईंनी हात जोडले. कुणाला ते कळलं नाही. कॅमेऱ्याला असतील. मला असतील. मग स्क्रीन काळा झाला.

सहा वर्षं मी या खोल्यांतून बसले होते. कुणाच्या ओरडण्याला ‘अपसेट’ म्हणतात आणि कुणाच्या ओरडण्याला ‘डेंजरस’, हे मला पाठ होतं. चांगल्या सुटातला वकील घेऊन आलेला माणूस अपसेट असतो. काळा पोरगा तेच बोलला की डेंजरस. इंग्रजी न येणारा माणूस तर काय बोलला हेच कुणाला माहीत नसतं. मला माहीत असायचं. मी हे बघून संध्याकाळी घरी येऊन कुकर लावायचे. माझा यात काय संबंध, असं वाटायचं. मी नुसती मधली. पाइप. इकडून पाणी आलं, तिकडे गेलं.

माझा बाप नागपूरला महानगरपालिकेत झाडू खात्यात होता. सातवी शिकलेला. अक्षर सुंदर. वस्तीतले लोक त्याच्याकडून अर्ज लिहून घ्यायचे. रेशन कार्डाचा, बदलीचा, पोलिसांत तक्रारीचा. लोक शिव्या देत सांगायचे आणि तो शिव्यांसकट लिहायचा. मी एकदा म्हटलं, बाबा, ही शिवी काढा ना, साहेब रागावेल. तो म्हणाला, “अर्ज त्याचा आहे. राग त्याचा आहे. आपण कोण काढणारे?” साहेब लोक अर्ज फेकून द्यायचे. तो पुन्हा लिहायचा.

त्या नऊ दिवसांत हा बाप मला फार आठवला. आठवायला नको होता.

पाचव्या दिवशी सुमनताईंच्या वकिलाचा फोन आला. कोर्टानं फुकट दिलेला वकील. नाव लुईस. साठीचा काळा माणूस, ऑफिसात फायलींचे ढीग, जेवणाचा डबा फायलींवरच. तो म्हणाला, आरोपीच्या फोनमध्ये एक मेसेज आहे, डॉक्टरांचा, त्याचं भाषांतर हवंय.

काकांचा आवाज. सुमनताईंच्या मेसेजनंतर तासाभरानं पाठवलेला.

“मला शाप देतेस? इथंच गाडीन तुला, बॅकयार्डात. तुझ्या पोरीला पत्तासुद्धा लागणार नाही. तू या देशात आहेस हेच कुठे कुणाला माहीत आहे?”

हा मेसेज पाठवून ते पोलीस स्टेशनला आले होते. माझ्यासमोर बसले होते. सवलतींबद्दल बोलले होते.

याचं भाषांतर मी शब्दाला शब्द केलं. आय विल बरी यू राइट हिअर. ‘गाडीन’मध्ये काही शंका नव्हती. मी करीन. लुईसनं वाचलं आणि पेन खाली ठेवलं. मी विचारलं, आता डॉक्टरांवर पण केस होईल?

तो हसला. चांगलं हसू नव्हतं ते. म्हणाला, “आय हॅव डन धिस थर्टी इयर्स, मॅम.” मग त्यानं पिवळा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत एकच शब्द. एल ए जी ओ.

“माझी अशील प्रत्येक वेळी हाच शब्द म्हणते. रडते आणि हाच शब्द म्हणते. याचा अर्थ काय?”

त्या माणसाला मराठीतला एकच शब्द येत होता. तो बरोबर येत होता.

मी म्हणाले, “मला संदर्भ तपासावा लागेल.”

लुईसनं माझ्याकडे बघितलं. “तपासा,” म्हणाला.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. तो डोकं धरून बसला. “यार, तुला कुणी सांगितलं होतं यात पडायला? अनिकेतनं ठरवलं तर मला उद्या काढेल. साठ दिवसांत देश सोडावा लागेल. दहा वर्षं घालवली आपण.”

“ती बाई आत आहे.”

“सुटेल गं. तिचा वकील बघेल. तू सांगितलंस तर तुलाच आत टाकतील. पोलिसांना खोटं लिहून दिलंस तू.”

त्याचं काहीच चूक नव्हतं. म्हणून तर त्रास झाला. मी त्याच्यावर ओरडले. तोही आमच्यातलाच आहे. तोही ऑफिसात ‘नागपूर म्हणजे नक्की कुठलं’ या प्रश्नाला एका कॉलनीचं नाव सांगतो, जिथे तो कधी राहिला नाही. आम्ही दोघांनी दहा वर्षं हेच केलं होतं. लपून राहिलो होतो. मुलगी म्हणते, “आई, व्हॉट्स अवर कास्ट? माय फ्रेंड आस्क्ड.” आम्ही म्हणतो, वी आर इंडियन.

नववा दिवस. या वेळी सुमनताईंना कोर्टात आणलं होतं. हातात बेड्या. मी शेजारी बसले. दुभाष्यानं आरोपीच्या कानाशी हळू आवाजात सगळं सांगत राहायचं असतं. त्यांच्या केसांना तुरुंगातल्या साबणाचा वास येत होता. मागच्या बाकावर डॉक्टरकाका, काकू आणि अनिकेत. काकांच्या अंगावर नेव्ही ब्लू सूट.

लुईसनं काकांचा मेसेज वाचून दाखवला. म्हणाला, दोन माणसं रागात बोलली. एक आत का आणि एक बाहेर का?

सरकारी वकील तरुण मुलगी होती. शांत, नम्र. तिनं सांगितलं की डॉक्टर हे प्रतिष्ठित नागरिक आहेत, रागाच्या भरात बोलून गेले. या देशात कडू, कुरूप बोलण्याचंही स्वातंत्र्य आहे आणि घटना त्याचं रक्षण करते. आरोपीचं तसं नाही. ती बेकायदा राहते आहे, तिला कुठे ठावठिकाणा नाही, तिच्या मनात राग आहे आणि तिनं स्पष्ट भविष्यकाळात सांगितलं आहे की घर पेटेल. ही खरी धमकी आहे. तिला स्वातंत्र्याचं संरक्षण नाही.

हे मी सुमनताईंच्या कानात मराठीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही. भविष्यकाळ. माझा भविष्यकाळ. मी घातलेला.

त्या माझ्याकडे वळल्या. “म्हंजी त्यो गाडतो म्हनला तर ते नुसतं बोलनं. आन् म्या शाप दिला तर गुन्हा?”

आरोपीशी दुभाष्यानं बोलायचं नसतं. मी समोर बघत राहिले.

“बाई, तुमी मराठीच हाय ना? तुमाला तरी कळतंय ना मी काय म्हनले?”

त्यांना माहीत नव्हतं की कागद माझा आहे. अजूनही वाटत होतं, या खोलीत आपलं बोलणं कळणारं निदान एक माणूस आहे.

मी हात वर केला.

कोर्टात दुभाषी स्वतःला ‘मी’ म्हणत नाही. त्याच्या तोंडातला ‘मी’ आरोपीचा असतो. स्वतःबद्दल सांगायचं तर ‘द इंटरप्रिटर’ म्हणायचं. मी म्हणाले, “युअर ऑनर, द इंटरप्रिटर नीड्स टू करेक्ट द रेकॉर्ड.”

जज्ज म्हणाले, काही चूक झाली का? हा शब्द त्यांनीच दिला. मी नुसती मान हलवली असती तरी सुटले असते. चूक कुणाचीही होते.

“नो, युअर ऑनर. इट वॉज नॉट अ मिस्टेक. आय न्यू.”

सगळं बोलणं टाइप करणारी बाई थांबली. जज्जांनी चष्मा काढला. “हू इज ‘आय’? आरोपी बोलते आहे की तुम्ही?”

“मी,” मराठीतच निघालं. मग इंग्रजीत, “मी स्वतः.” आणि सांगितलं. पोलिसांकडचा कागद माझा. बाई ‘लागो’, म्हणजे इंग्रजीत ‘मे’, म्हणाली होती, मी ‘विल’ लिहिलं. तो शाप आहे, धमकी नाही. मला तेव्हाच ठाऊक होतं. तक्रारदार खोलीत होते, त्यांनी माझ्या नवऱ्याच्या नोकरीचा विषय काढला, आणि मी घाबरले. मागच्या तारखेला बाईंनी शब्द सांगितला, तोही मी गाळला.

मागून आवाज आला. काका उभे राहिले होते. आधी इंग्रजीत ओरडले, की मी खोटारडी आहे. मग मराठीत. “दाखवलीस लायकी! जातीवर गेलीस शेवटी!”

“डॉक्टर, प्लीज हॅव अ सीट,” जज्ज म्हणाले. प्लीज. दहा मिनिटांपूर्वी सुमनताई पाणी मागायला नुसत्या उठल्या होत्या, तर शिपायानं खांदा दाबून खाली बसवलं होतं. प्लीज नव्हतं.

मग जज्जांनी मला विचारलं, “ते काय म्हणाले?”

“ही सेज, आय हॅव शोन माय वर्थ. आय हॅव फायनली शोन माय कास्ट.”

टाइप करणाऱ्या बाईनं विचारलं, कास्ट म्हणजे? नाटकातली कास्ट? मी स्पेलिंग सांगितलं. सी ए एस टी ई. शेवटी ई आहे. अक्षरं बरोबर सांगितली. तिनं टाइप केली. अनिकेत वडिलांना हाताला धरून बाहेर घेऊन गेला. त्यांना कुणी अडवलं नाही, काही विचारलं नाही.

मला लगेच केसमधून काढलं. बाहेरच्या बाकावर बसवलं. आत फोनवरून दुसरा दुभाषी जोडला, कुठल्या तरी दूरच्या राज्यातला. त्यानं मेसेज ऐकला आणि पाच मिनिटांत सांगितलं. पाच मिनिटं. दुपारी सुमनताईंना सोडलं, केस चालू ठेवून. महिन्याभरानं मोठं कलम मागे घेतलं. ‘त्रास दिला’ हे छोटं कलम ठेवलं. काहीतरी ठेवावंच लागतं, लुईस म्हणाला, नाहीतर मग अकरा दिवस का ठेवलं हे सांगावं लागेल.

सुटल्यावर त्या पुन्हा दुकानवाल्या बाईंकडे राहायला गेल्या. मी भेटायला गेले. दारातच पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

“आत मला लई थंडी वाजली,” त्या म्हणाल्या. “पांघरून मागायचं कसं, ते येत न्हवतं मला. खुनेनं सांगितलं, तर ती पोलीसबाई हसली. आन् तुमाला समदं बोलता येत हुतं.”

“माझं चुकलं, ताई.”

“चुकलं न्हाई. तुमीच सांगितलं ना कोर्टात, चुकलं न्हाई म्हनून.”

मी सरळ उभी राहिले.

“माफी नगं मला. त्येला पुसा, माझा मानूस मेला तवा मला का कोंडून ठिवलं. तुमाला विंग्रजी येतं ना? तुमी पुसा.”

एजन्सीनं माझं नाव काढून टाकलं. चौकशी चालू आहे. खोटं लिहून दिल्याबद्दल माझ्यावर केस होऊ शकते. मी स्वतःचा वकील केला आहे आणि तो सांगतो, गप्प राहा. अनिकेतनं नवऱ्याला दुसऱ्या टीममध्ये टाकलं, जिथे काम नाही. काढलं नाही अजून. मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं. दोन-तीन जणींनी एकेकटीनं फोन केले आणि हळू आवाजात विचारलं, खरंच पासपोर्ट ठेवला होता का गं? मी म्हटलं, हो. मग त्या म्हणाल्या, बाई गं, पण आपण काय करणार.

सरकारी वकिलांच्या ऑफिसात लुईसनं डॉक्टरांविरुद्ध मेसेज दिला होता. पत्र आलं. गुन्हा होण्याइतका पुरावा दिसत नाही, रागाच्या भरातलं बोलणं आहे. पासपोर्टचा उल्लेखच नाही.

इथे सामान्य माणूस स्वतः गावच्या कोर्टात तक्रार देऊ शकतो. खिडकीवर फॉर्म मिळतो. मी आणि सुमनताई गेलो. त्या मराठीत सांगत होत्या, मी इंग्रजीत लिहीत होते. कोंडून ठेवलं. पासपोर्ट दिला नाही. गाडीन म्हणाला. मध्ये एकदा त्यांनी काकांना एक शिवी दिली. मी ती लिहिली. खिडकीतल्या बाईनं भुवई उडवली. पहिला फॉर्म परत आला, तपशील अपुरा म्हणून. दुसरा लिहिला. तो घेतलाय. तारीख पडली आहे.

मागच्या आठवड्यात काकांच्या वकिलाचं पत्र आलं. या विषयावर मी कुठंही बोलले, लिहिलं, तर बदनामीचा दावा लावतील. सोबत एक कागद. मी गप्प राहीन, एवढंच त्यावर. सही करून परत पाठवा. ज्या माणसाला ‘गाडीन’ म्हणायचं स्वातंत्र्य आहे, त्याला मी बोलायला नको आहे. नवऱ्यानं तो कागद डायनिंग टेबलावर माझ्यापुढे ठेवला. तो दमलाय.

मी सही केलेली नाही. करणार नाही.

मी फार शूर झाले असं कुणी समजू नये. मी अकरा दिवस गप्प होते आणि ते अकरा दिवस माझे नव्हते, त्या बाईचे होते. ते मी परत देऊ शकत नाही. कोर्टात जे बोलले, ते बोलायची वेळ मुळात टाळता आली असती, त्या पहिल्याच खोलीत, एका शब्दात. हे धुऊन निघणार नाही आणि मला ते धुवायचंही नाही.

तारखेला मी साक्षीदार म्हणून उभी राहणार आहे. माहेरचं आडनाव लावून नाव नोंदवलंय. त्यांचा वकील पहिला प्रश्न विचारेल, तुम्ही याआधी खोटं लिहिलं होतं की नाही? मी हो म्हणेन. मग तो विचारेल, आता तुमच्यावर विश्वास का ठेवायचा? मी म्हणेन, ठेवू नका. मेसेज लावा. दोन्ही मेसेज लावा, दुसरा कुणी दुभाषी बसवा, आणि या कोर्टात सगळ्यांना ऐकू द्या, कोण काय म्हणालं.